खाऱ्या वाऱ्यातले सांधे

माझा थोरला भाऊ आत्माराम पुण्याच्या कॉलेजात पोलादी बांधकाम शिकवायचा. मे महिन्यात मुंबईहून बोटीने रत्नागिरीला यायचा, तेव्हा इतरांचे भाऊ लुगडी आणत. आमचा दादा लोखंडाच्या पट्ट्या आणायचा.

साल एकोणीसशे सव्वीस असेल. मांडवीच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर त्याने लाकडी चौकट रोवली आणि रिव्हेट म्हणजे जाड लोखंडी खिळे ठोकून जोडलेल्या पट्ट्या तिला टांगल्या. काही सांधे आडवे, काही उतरते. खारा वारा कुठला सांधा आधी खातो, ते त्याला बघायचं होतं. तो पुण्याला परतला की राखण माझ्याकडे. नवरा गेल्यापासून मी माहेरीच होते.

“मालनताय, लोखंड सुकत घातलंव काय?” मासळीवाली कमळा हसायची. मीही हसायचे. त्या खडकांवर मी कितीतरी वर्षांनी हसत होते.

काही पावसाळे गेल्यावर दादाने एक आडवा सांधा उघडला. वरचा रंग शाबूत, आत मात्र मीठपाणी साचून गंजाच्या खपल्या फुगलेल्या. त्या खपल्यांनी रिव्हेटच तोडलं होतं. उतरते सांधे धड होते.

“पूल वजनाने पडेल म्हणून आम्ही घाबरतो गो,” तो म्हणाला, “हे तर पाणी थांबल्याने मरतंय.”

त्यावर त्याने निबंध लिहिला आणि मुंबईत इंजिनियरांच्या सभेत वाचला. “परसातले प्रयोग,” असं म्हणून एका वडीलधाऱ्याने तो उडवून लावला. त्या मे महिन्यात दादा रिकाम्या हाताने आला. ओटीवर बसून राहायचा, मांडवीकडे फिरकला नाही.

पुढे चौतीस साली दिवाळीच्या सुट्टीत सखाराम तोडणकर नावाचे इंजिनियर घर शोधत आले. दक्षिणेकडच्या एका खाडीवर त्यांनी पूल बांधला होता.

“तुमचा निबंध वाचला आणि नकाशातले सगळे सांधे उतरते करून घेतले,” ते म्हणाले. “आता दुसऱ्या खाड्यांवरही तसेच करतायत.”

“माझं नाव घालून?” दादाने विचारलं.

तोडणकर ओशाळले. “नाही हो. आता रीतच पडलीय ती.”

मला राग आला. दादा मात्र उठून सदरा चढवायला लागला. “पूल दाखवता?”

आम्ही मचव्यातून गेलो. पुलाखाली नावाड्याने मचवा खांबाला लावून धरला. वरून बैलगाड्या धडधडत होत्या. नुकतीच सर येऊन गेली होती. दादा उभा राहिला, हात वर करून सांध्यावरून फिरवला. पाणी कुठेच थांबलं नव्हतं, त्याच्या मनगटावरून बाहीत उतरत होतं.

“भिजशील रे!”

“भिजू दे गो.”

इतका उजळलेला त्याचा चेहरा मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. मग भरती लागेपर्यंत आम्ही तिघं तिथेच दहीपोहे खात बसलो, आणि दादा तोडणकरांना पुढच्या पुलाबद्दल विचारत राहिला.