कोळंबीच्या तळ्यावरची तार

बगळ्यांनी जयवंतीचं डोकं खाल्लं होतं. बोळिंज गावामागे खाडीकाठच्या खाजणात तिचं कोळंबीचं तळं, आणि हे पांढरे चोर रोज सकाळी हजर! बाकीचे लोक बांबू रोवून वर नायलॉनची दोरी ताणतात. हिने यंदा लोखंडी खांब ठोकले आणि चक्क स्टीलची तार ओढली. नवरा काळूराम म्हणाला पण, "बगळं धरतंस का हत्ती?"

आणि ऑक्टोबरातल्या त्या सकाळी आठ वाजता आभाळ असं काळं झालं ना, की समोरचा बांध दिसेना. पाऊस आडवा झोडपतोय, आणि त्यातनं खोकत खोकत एक विमान आलं! छोटंसं, दोन सीटचं, शिकाऊ लोकांचं. इंजिन मरत चाललेलं. बांधावरच्या कच्च्या रस्त्यावर उतरायला बघत होतं, आणि उतरलंही असतं. पण रस्त्याला लागून तळं, आणि तळ्यावर तार.

चाक अडकलं. खाडकन खांब उपटला, पंख फाटला, आणि अख्खं विमान धाडदिशी पाण्यात पालथं!

जयवंतीने कोयत्यासकट उडी मारली. छातीभर पाणी, पेट्रोलचा भपकारा. फुटक्या काचेच्या आत एकटा पायलट, पट्ट्याला उलटा लटकलेला, नाकापर्यंत बुडालेला. तिने मान धरून त्याचं तोंड वर काढलं, तर रक्ताची गुळणी थेट तिच्या तोंडावर.

"अवो, पट्टा कापा!"

तिच्यामागोमाग पाण्यात उतरलेल्या काळूरामने कोयता घेतला, सपासप घातला. पट्टा तुटला. पण पाय आत चेपलेला.

"वढा!"

"मोडंल गो पाय!"

"मोडू द्या! पानी नाकात चाललंय त्याच्या!"

दोघांनी जीव खाऊन ओढलं. हाड कटकन मोडलं. तो असा किंचाळला की पार पलीकडच्या फुलपाड्यापर्यंत गेलं असेल!

बांधावर आडवा केला. शर्टावर नाव, मितेश. काळूराम परत पाण्यात शिरला, चाकाची तार सोडवून गुंडाळायला लागला. "गप ऱ्हा. पोलीस यायच्या आत खाडीत टाकतो."

तेवढ्यात मितेशचे दात वाजता वाजता शब्द फुटले. "मावशी... मी बरोबर येत होतो ना? माझंच... चुकलं का?"

काळूराम तार घेऊन बांधावर चढला, तशी जयवंतीने ती त्याच्या हातातनं हिसकली. तिचा तळहात चराचरा चिरला. ती रक्ताळलेली तार तिने मितेशच्या छातीवर ठेवली.

"तुजं नाय चुकलं, बाबा. ही माजी तार."

मितेशने ती मुठीत आवळली. अँब्युलन्सवाल्यांनी किती ओढली, तरी सोडली नाही.