समुद्रावरचे अकरा शिक्के

बाबांचं जहाज म्हणजे नौदलाची विनाशिका, आणि तिला नाव दिलं होतं एका खलाशाचं. जुन्या लढाईत जहाजाच्या तळात पाणी भरत असताना तो पंपाजवळून हलला नाही. बाकीचे वाचले, तो गेला. बाबांनी ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली की तो माणूस मला आमच्याच घरातला वाटायचा. बाबा त्या जहाजावर टपाल कारकून होते. जहाजाचं नाव, तारीख आणि खाली 'समुद्रावर' असा टपालाचा गोल शिक्का त्यांच्याच ताब्यात असे.

यंदा जहाज मोडीत निघालं, म्हणून त्याचा शिक्का असलेल्या जुन्या टपाल-पाकिटांचं प्रदर्शन ठरलं. मी मोठ्या तोऱ्यात माझी अकरा पाकिटं घेऊन गेले. सगळी बाबांनी आईला पाठवलेली, एकाच वर्षातली, तिच्या शेवटच्या आजारपणातली. 'भर समुद्रात आहोत, सुट्टी मिळत नाही, धीर धर.' मजकूर थोड्याफार फरकाने तोच.

प्रदर्शन मांडणाऱ्या गृहस्थांना सगळे भिंगवाले म्हणत. त्यांनी तारखा जहाजाच्या फेऱ्यांच्या यादीशी ताडून पाहिल्या आणि ते खुर्चीतच सरळ झाले.

"ताई, हे वर्षभर तर जहाज दुरुस्तीला गोदीत होतं. तळ उघडलेला, टपालघर बंद. हे शिक्के असूच शकत नाहीत."

"पण आहेत ना."

"तेच तर. कारकुनाने शिक्का जमाच केला नाही, गोदीत बसून मारलाय. घबाड आहे हो हे. अगदी मधोमध लावू."

त्यांना आनंद आवरेना. ती गोदी आमच्या घरापासून आगगाडीने चार तासांवर. केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या टेबलाशी उभं राहून कळलं. पाकिटं उचलली आणि सरळ घरी आले.

बाबा ओट्याशी चहा गाळत होते. मी पाकिटं त्यांच्यापुढे टाकली.

"त्या वर्षी गोदीत होतात ना तुम्ही?"

त्यांनी गाळणं खाली ठेवलं. नाही म्हणायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

"तिचं झिजणं मला बघवलं नसतं गं. रोज वाटायचं, उद्या जाऊ."

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. पंपाजवळच्या त्या खलाशाची गोष्ट चाळीस वर्षं मला कुठल्या तोंडाने सांगितली यांनी?

"तिला कधी संशय आला का?" बाबांनी हळूच विचारलं.

"आला. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, ते इथेच कुठेतरी जवळ आहेत, मला कळतंय. मी चौदा वर्षांची होते, बाबा. तुमचा शिक्का तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि तिला वेड्यात काढलं."