सरळ केलेला सूर्य

आमच्या देशाची भरभराट का होत नाही, याचं कारण शेवटी सापडलं. झेंड्यावरचा सूर्य. त्याचे किरण नागमोडी होते, त्यामुळे तो सूर्यफुलासारखा दिसायचा, आणि सूर्यफूल म्हणजे जिकडे ऊन तिकडे मान फिरवणारं लाचार फूल. तिकडे राजधानीत, बिश्केकला, संसदेत हात वर झाले, कायदा झाला आणि किरण सरळ करण्यात आले. मी बाजारात मोबाइल दुरुस्त करतो. त्या दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, "बघ इल्गिज, आता वीज जाणार नाही." त्याचं वाक्य आम्ही अंधारात पूर्ण ऐकलं.

बाबांनी ही बातमी बघितली आणि टीव्ही बंद केला.

"माझा पोरगा नागमोडी किरणांखाली मेला," ते म्हणाले. "त्याला पण सरळ करून देणार का हे?"

पोरगा म्हणजे माझा थोरला भाऊ, शुमकार. सीमेवर शिपाई होता. आदल्या वर्षी जर्दाळू वाळवून झाले, त्याच सुमारास गोळीबार झाला आणि तो लष्करी ट्रकमधून घरी आला, झेंड्याखाली. आयुष्यात पहिल्यांदा तो वेळेवर आला.

आमच्याकडे कुणी गेलं की अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारतात आणि दारापाशी काठी रोवून तिला कापड बांधतात. म्हातारा गेला तर पांढरं, मधल्या वयाचा गेला तर काळं, तरुण गेला तर लाल. रस्त्याने जाणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. वर्षाचं जेवण झालं की बायका ते कापड उतरवतात, काठी मोडतात, आणि घरातली बाई काळे कपडे टाकून पांढरा रुमाल बांधते. तोपर्यंत तिनं तंबूत भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि कुणी दारात आलं की गेलेल्याचे गुण गात रडायचं. सगळ्याच गावांत आता हे पाळत नाहीत. आमच्या गावात पाळतात, कारण दुसरं काही करायला नाही.

आपानं, म्हणजे माझ्या आईनं, लाल कापड फाडून तयार ठेवलं होतं. पण शिपायांनी शवपेटीवरचा झेंडा काढून, घडी घालून बाबांच्या हातात दिला, आणि बाबांनी तोच काठीला बांधला.

"अहो, तो सरकारी आहे," आपा म्हणाली.

"लालच आहे ना? मग."

लाल होता, हे खरंच होतं. चूक झाली ती एवढीच. एका काठीवर दोन झेंडे चढले आणि दोघांना आपापला दिसत राहिला. आपाला मेलेला मुलगा दिसायचा. बाबांना पहाऱ्यावर उभा असलेला.

बाबा तरुणपणी सोव्हिएत फौजेत होते. ते रोज सकाळी काठीसमोर उभे राहायचे, टोपी सारखी करायचे, मग शेळ्या सोडायचे. मला झेंड्यांचं फारसं काही वाटत नाही. एकदा मी म्हणालो, "बाबा, कापडच आहे." त्यावर ते म्हणाले, "तुझी चड्डी पण कापडच आहे, काढून फिर बाजारात."

वर्ष भरलं. जेवण काही होईना.

"अहो, आता घालू या जेवण," आपा भिंतीकडे बघत म्हणायची.

"जेवणाला कापायचा घोडा अजून अंगानं भरला नाही."

घोडा इतका भरला होता की शेजारी त्याला घोडी समजून शिंगरू कधी होणार विचारत होते. मग बाबा म्हणाले, बर्फ वितळू दे. बर्फ वितळला. मग म्हणाले, रशियात गेलेले चुलतभाऊ येऊ देत. ते आले, पाहुणचार झोडून परत गेले. आणि आपा तशीच काळ्यात. आपाचा गळा फार चांगला आहे. तिचं रडगाणं ऐकायला लोक मुद्दाम दुरून यायचे, येताना साखर आणायचे, आणि ऐकून झाल्यावर चहा पीत म्हणायचे, "आज घोड्याचं वर्णन काय केलं!" शुमकारला घोड्यावर नीट बसताही येत नव्हतं.

एकदा जेवताना तिनं नान मोडता मोडता सांगून टाकलं, "माझं रडून झालंय हो. आता मला गप्प बसायचंय."

बाबांनी चहाची वाटी खाली ठेवली. "तू गप्प बसलीस की तो मेला."

"तो मेलाच आहे."

"अगं, बाहेर जाऊन बघ. उभा आहे."



नवा झेंडा घेऊन ग्रामकार्यालयातला काल्मात आला. काल्मात चांगला माणूस. कार्यालयावरच्या झेंड्याचे किरण त्यानं आधी इस्त्रीनं सरळ करून पाहिले होते, असं गावात बोलतात. तो म्हणतो, खोटं आहे. पण त्याच्या सदऱ्यावर इस्त्रीचा डाग आहे.

"तोक्तोबाय बाइके," तो बाबांना थोरल्या भावासारखी हाक मारत म्हणाला, "जुना उतरवून द्या, नवा घ्या. सगळीकडे बदलतायत."

"तुझ्या जुन्या बायकोला नेऊन नवी देतो म्हटलं तर?"

"बाइके, विचार करायला वेळ द्याल का?"

मी हसलो. आत आपाही हसली असावी, कारण तिचं रडगाणं मध्येच अडखळलं. बाबा हसले नाहीत.

"याच्याखालून माझा पोरगा आला," ते म्हणाले. "मी हा देणार नाही. चल, चहा पी आणि नीघ."

काल्मातनं चहा प्यायला. निघताना दारात, सहज बोलावं तसा बोलला, "तसं बाइके, नव्याचे नियम कडक आहेत. एकदा लावला की काठीला कुणी हात लावायचा नाही. मोडली तर गुन्हाच."

बाबा बराच वेळ काठीकडे बघत राहिले. मग आत आले आणि आपाला म्हणाले, "घोडा भरला."

आपाचा विश्वासच बसेना. तिनं ट्रंकेतून पांढरा रुमाल काढला, धुतला, तंबूच्या दोरीवर वाळत घातला, सुकल्यावर परत धुतला. मला म्हणाली, "इल्गिज, माझा आवाज बसलाय का रे? नेहमीच्या बोलण्यात कसा वाटतो?" मी म्हणालो, "बाजारात भाव करण्याइतका आहे." तिला ते फार आवडलं. जेवण झालं की माझ्याबरोबर बाजारात येणार, जर्दाळू विकणार, बायकांशी भांडणार, असं तिनं ठरवलं. त्या आठवड्यात घरात कुणीतरी गुणगुणत होतं. मला वाटलं, रेडिओ.

जेवणाला सगळं गाव आलं. घोडा मोठाल्या कढयांत शिजत होता, पोरं कणकेचे तळलेले बोर्सोक खिशात भरत होती, म्हातारे पांढऱ्या टोप्या घालून ओळीनं बसले होते. प्रार्थना झाली. दोन म्हाताऱ्या बायका उठल्या, काठीपाशी गेल्या आणि झेंड्याची गाठ सोडली. झेंडा खाली आला. आपा तंबूत, भिंतीकडे पाठ करून उभी. तिचा चेहरा इतक्या दिवसांनी दारातून दिसला. हातात रुमाल.

काठी मोडायला म्हाताऱ्या पुढे सरकल्या.

"थांबा," बाबा म्हणाले. "काल्मात!"

काल्मात गर्दीतून पुढे आला. त्याच्या हातात नवा झेंडा होता. बाबांनी स्वतः जाऊन बोलावलं होतं त्याला. ज्या सूर्याला इतके दिवस शिव्या घातल्या, तोच सूर्य बाबांनी आपल्या हातानं काठीला बांधला, कारण त्याची काठी कुणाला मोडता येणार नव्हती. दोरी ओढली. किरण सरळ होते, अगदी सरळ.

काल्मातनं मोबाइलवर राष्ट्रगीत लावलं. सगळे उठले, हात छातीवर गेले. कडव्याच्या मध्ये फोन वाजला, त्याच्या बायकोचा. रिंग वाजत राहिली आणि सगळं गाव त्या रिंगलाही छातीवर हात ठेवून ताठ उभं राहिलं. माझ्या तोंडात बोर्सोक होता. मला हसू आवरेना.

तेवढ्यात आपा बाहेर आली. तिनं वर बघितलं. बाबांकडे नाही, काल्मातकडे नाही.

"हा कुणाचा?" तिनं विचारलं.

काल्मात घाईघाईनं म्हणाला, "नवा आहे, आपा. सरकारी."

"ते कळलं. शुमकारचा आत्ता उतरला. मग हा लाल कुणाचा?"

अंगणात तंबू उभा होता. दारात नवं लाल कापड लागलं होतं. आमच्या गावात याचा अर्थ विचारावा लागत नाही. घरात तरुण कोण उरलंय, हे सगळ्यांनी एकाच वेळी मोजलं, आणि मोजायला एकच होता. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी बोर्सोक गिळला.

"अगं, तसं नाही," बाबा म्हणाले. "अगं, हा देशाचा. हा उतरायचा नाही, एवढंच. म्हणून तर..."

"उतरायचा नाही," आपा म्हणाली.

तिनं रुमालाची घडी घातली, नीट, चार कोपरे जुळवून. बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती घेतली, शिपायांकडून झेंडा घेतला होता तशीच, दोन्ही तळवे पुढे करून. ती आत गेली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिनं सुरू केलं.

पहिल्या ओळीत माझं नाव होतं.

बाबा काठीकडे धावले. दोरी सोडायला लागले, पण गाठ स्वतःच मारलेली, घट्ट, फौजेतली. "बाइके, नियम आहे, बाइके," काल्मात म्हणत होता आणि म्हणता म्हणता स्वतःच दातांनी गाठ ओढत होता. राष्ट्रगीत परत सुरू झालं होतं. बंद करायला कुणाचा हात मोकळा नव्हता. अर्धे लोक उभे होते, अर्धे रडायला बसले होते.

मी तंबूत गेलो. आपा गात होती की इल्गिजचे खांदे रुंद होते, इल्गिज कुणाला घाबरत नव्हता, इल्गिजनं आईला शब्द दिला होता की बाजारात नेईन. मी तिच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून बसलो. तिचा हात धरला.

"आपा, मी आहे ना इथं."

तिनं मान हलवली. तिला माहीत होतं. माझा हात तिनं मांडीवर घेतला, दाबून धरला, आणि पुढची ओळ उचलली.