एकतीस नंबरचं रेकॉर्डिंग

ही गोष्ट २०११ सालची. त्या वर्षी शहरातल्या संग्रहालयाने आमचे आवाज आम्हाला परत केले.

आवाज म्हणजे खरोखरचे आवाज. सदतीस वर्षांपूर्वी एक संशोधक आमच्या जमातीत येऊन राहिला होता. त्याला आम्ही टेपवाला म्हणायचो. म्हाताऱ्या माणसांसमोर यंत्र ठेवून तो त्यांना बोलतं करायचा. गाणी, झाडांची नावं, औषधं, सगळं भरून घेऊन गेला तो. आम्हाला विचारलं नाही आणि आम्हीही अडवलं नाही. आता ते सगळं वहीएवढ्या काळ्या डबीतून परत आलं. दोनशे बारा रेकॉर्डिंगं. त्यातली साठ माझ्या सासूबाईंची.

सासूबाई पाल्यामुळ्यांची औषधं द्यायच्या. त्यांच्यामागे ती विद्या कुणाकडे आली असं कुणी विचारलं, की लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. मला ते बोट फार आवडायचं, खोटं कशाला सांगू? बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. त्यांच्या शेवटच्या आजारपणात अंथरुणं धुतली ती मीच.

आमचा शब्द यापुढे बाहेरच्या कुणाच्या मशीनवर राहणार नाही, असं सभेत ठरलं. बंद पडलेल्या पोस्टाच्या खोलीत आमचा स्वतःचा सर्व्हर बसला. खिडकीला जाळी लागली, दाराला नवं कुलूप. पासवर्ड कुणाकडे द्यायचा, एवढंच उरलं. मी थोरली सून. मी पदर सावरून बसले होते.

कमिटीचे प्रमुख होते मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी नाव घेतलं माझ्या धाकट्या जावेचं.

"ती?" मी म्हणाले. "लग्न होऊन दोन वर्षं राहिली इथे. मग नवऱ्यामागे शहरात. आता विधवा होऊन परत आली, तिला काय माहीत?"

"वहिनी, तिने हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये वीस वर्षं कॉम्प्युटर चालवला आहे. तुम्हाला चालवता येतो का?"

लोक हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पण जुने शब्द तिला कळणार नाहीत," मास्तर पुढे म्हणाले. "ऐकून खूण करायचं काम तुमचं."

खुणा तीन होत्या. हिरवी म्हणजे जगात कुणीही ऐका. पिवळी म्हणजे फक्त आपल्या माणसांनी. लाल म्हणजे बंद, मग पासवर्ड जिच्याकडे आहे तिनेसुद्धा ऐकायचं नाही. तेव्हा मीच उठून एक नियम सुचवला. जो लाल खूण करील त्याने दर वर्षी सभेत उभं राहून कारण सांगायचं. पटलं तर लाल राहील, नाही तर सुटेल. सगळ्यांना वाटलं, काय पोक्त बाई आहे! माझ्या मनात एवढंच होतं, की उद्या ही शहाणी मनाला येईल ते बंद करील.

आम्ही रोज सकाळी पोस्टाच्या खोलीत बसायचो. हेडफोन माझ्या कानाला, बोटं तिची. मी म्हणायचे "पिवळी", ती बटण दाबायची.

"ताई, जरा हळू. थकाल."

"तू थकलीस तर सांग. मी नाही थकत."

एकतीस नंबर लागला. सासूबाईंचा आवाज, मधूनमधून खोकला. जखमेवर लावायच्या सालीबद्दल सांगत होत्या. ती कुठल्या बाजूने काढायची, किती ओली ठेवायची. मग टेपवाल्याने विचारलं, तुमच्यानंतर हे कोण करणार? आणि सासूबाई म्हणाल्या, "धाकटी. तिचा हात हलका आहे. हे शिकवून येत नाही. ती घरात आली आणि माझी काळजी मिटली."

माझी जाऊ शेजारीच बसलेली. पडद्याकडे बघत होती. तिच्या कानावर यातलं काही जात नव्हतं.

उरलेलं मी ऐकलंच नाही. हेडफोन काढला.

"लाल," मी म्हणाले.

तिने बटण दाबलं. का, म्हणून विचारलंही नाही.

वर्षभर मी तिच्याकडे बघत राहिले. तिने चोरून ऐकलं असेल का? एकदा राहवलं नाही, विचारलंच. "त्या एकतिसाव्यात काय आहे, बघावंसं वाटलं नाही तुला?"

"तुम्ही बंद म्हणालात ना? मग कशी ऐकेन?" ती म्हणाली आणि फडक्याने कीबोर्ड पुसू लागली. त्या पुसण्याचासुद्धा मला राग आला.

सभेचा दिवस उजाडला. लाल खुणा सगळ्या मिळून पाच, त्यातली एक माझी. मी कारण तयार ठेवलं होतं. "बायकांच्या आजाराच्या गोष्टी आहेत त्यात," मी म्हणाले. "चारचौघांत ऐकण्यासारखं नाही."

मास्तरांची मुलगी दवाखान्यात नर्स होती. ती उठली. "काकू, मग बायकांपुरतं तरी उघडा. आम्हाला उपयोग होईल."

तेवढ्यात धाकटी उभी राहिली. "ताई म्हणतात तर असेलच काहीतरी. सासूबाईंजवळ त्या होत्या, मी नव्हते. लालच राहू दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सुटले होते. पण तिने सोडवलं म्हणून सुटले, आणि ते मला गिळवेना. सासूबाईंचं मन तिने घेतलं, पासवर्ड तिने घेतला, आता वर माझ्यावर उपकार!

"खोटं आहे," मी ओरडले. "तिचं कौतुक आहे त्यात. म्हणून बंद केलं मी. बस, ऐका सगळे!"

मास्तर हळूच म्हणाले, "लावा."

पूर्ण चाळीस मिनिटं लागली. पहिल्यांदाच मी ते शेवटपर्यंत ऐकलं. पुढे तरी माझं नाव येईल म्हणून कान टवकारून बसले होते. साल आली, पाला आला, मेलेल्या गाईचा किस्सा आला, लोक हसले. मी आले नाही. एकदाही नाही. धाकटी पदरात तोंड घालून रडत होती, आणि तेव्हा दीर तिला शहरात घेऊन गेले त्या दिवशी सासूबाई इतक्या का रडल्या, ते मला सदतीस वर्षांनी कळलं.

एकतीस नंबरला पिवळी खूण लागली.

माझं खुणेचं काम दोन वर्षं बंद ठेवलं, मग जुने शब्द अडले तसं परत बोलावलं. मी गेले. टेपवाल्याने सगळ्या रेकॉर्डिंगांची प्रत मागितली. कमिटीने त्याला फक्त हिरव्या खुणांची दिली, तर त्याने नाराजीचं पाच पानी पत्र लिहिलं. मास्तर पाच वर्षांनी गेले. त्यांच्या मुलीकडे आता पासवर्ड आहे.

धाकटी ते रेकॉर्डिंग ऐकून ऐकून साल काढायला शिकली. शिकली कसली, हात होताच. ती शेजारच्याच घरात राहते, गुडघे गेलेत, तरी हात तसाच आहे. मलाही एकदा तिनेच पट्टी बांधली, भाजले होते तेव्हा. चार दिवसांत खपली धरली. तिला मी बरं वाटतंय असं सांगितलं नाही.

लोक आता तिच्या दाराकडे बोट दाखवतात. सकाळी तिथे माणसं बसलेली दिसली, की मी माझ्या बाजूची खिडकी लावून घेते.