खिळ्यावरची टोपी

समुद्राकाठच्या त्या बाजारातून गिऱ्हाइकाची सुटका नव्हती. कासवांचं तळं बघून बाहेर पडावं तर फाटक बाजाराच्या तोंडाशी, आणि फुलपाखरांच्या बागेत शिरावं तर वाट बाजाराच्या पोटातून. पोरं कासवांसाठी हट्ट धरायची आणि आईबाप शंखांच्या माळा गळ्यात मारून घेऊन परतायचे. तळं आणि बाग या दोन्हींच्या मधोमध टोपीवालीचं दुकान होतं. तिच्याकडे तयार टोपी मिळत नसे. ती डोक्याभोवती दोरा फिरवायची, गाठ मारायची आणि तुम्ही बाग फिरून येईपर्यंत गवती टोपीच्या आत त्या मापाची पट्टी शिवून ठेवायची. बिनमापाची टोपी म्हणजे उपडं टोपलं, असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगे.

एका डोक्याचं माप मात्र तिला मिळत नव्हतं. लेक लांबच्या देशी. नात वर्षाची असताना एकदा आणली होती, त्यानंतरची सगळी भेट फोनच्या काचेतून, आणि काचेतून डोकं मोजता येत नाही. मग दर हंगामात ती नातीच्या वयाची एखादी पोर गाठायची. "कितवं लागलं गं?" विचारायची आणि वय जुळलं की दोरा फिरवून घ्यायची. त्या उसन्या मापावर शिवलेली निळ्या फितीची टोपी खिळ्यावर टांगलेली असे. हंगाम सरताना लेकीचा फोन यायचा, "आई, यंदा नाही गं जमत." मग टोपीवाली पट्टी उसवायची आणि पुढच्या वर्षी थोडी सैल शिवायची. उसवताना तिचा जीव तीळतीळ तुटायचा.

यंदा तिने शहाणपणा केला. शेवटी उसवायचंच आहे ना, मग आधीच पुढच्या वर्षाचं माप घालावं! नात आठ वर्षांची, टोपी नऊ वर्षांच्या पोरीची.

आणि नेमकी यंदाच लेक दुकानासमोर येऊन उभी राहिली. फोन नाही, निरोप नाही.

"अगं, कळवायचं तरी!"

"किती वेळा कळवून मोडायचं, आई? म्हटलं, न सांगताच यावं. संध्याकाळच्या बोटीने परत निघायचंय."

नात कासवं बघून आली होती. एक म्हातारं कासव तिच्याकडे बघून हसलं म्हणे. टोपी फोनवर बघितलेली, तिने आल्या आल्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "तीच ना माझी?"

टोपी थेट नाकावर उतरली. आतून हसण्याचा आवाज आला. टोपीवालीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या बाजाराच्या डोक्यांचं माप काढणारी बाई, आणि घरच्याच डोक्याला चुकली.

"मोठी कशी झाली गं?" लेकीने विचारलं.

"पुढच्या वर्षाची आहे." मग खोटं बोलवेना. "यंदा याल असं वाटलंच नव्हतं मला."

लेक फितीशी चाळा करत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

टोपीवालीने कात्री उचलली. "थांब, चार टाक्यांचं काम आहे."

"नको, उसवू नकोस." नात स्टुलावर चढली आणि टोपी परत खिळ्याला अडकवली. "बसेल तेव्हा न्यायला येईन."

"बघू हं, जमलं तर..." लेक सवयीने बोलून गेली आणि मध्येच थांबली.

निघायच्या आधी टोपीवालीने नातीच्या डोक्याभोवती दोरा फिरवला. केस उन्हाने तापलेले होते. गाठ मारायला तिने उगाचच वेळ लावला.

बोट सुटली तशी ती दुकानात परतली. दोरा टोपीच्या पट्टीला लावून पाहिला. दोन बोटं सैल. इतकं एकटं तिला सात वर्षांत वाटलं नव्हतं.

फुलपाखरांच्या बागेतून एक कुटुंब बाहेर पडलं. "ही निळ्या फितीची केवढ्याला हो?"

"ती गेलेली आहे," टोपीवाली म्हणाली. "न्यायला यायचे आहेत अजून."

मग तिने कात्री गल्ल्याच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं.