एवढा एपिसोड संपू दे

सत्यजितला त्या ब्रिटिश मालिकेचं खूळच लागलं होतं. तिच्यात एक स्टँड-अप विनोदवीर स्वतःच्याच नावाने वावरतो आणि ऐन भांडणात कॅमेऱ्याकडे वळून 'खरं तर हे असं घडलंच नव्हतं' असं प्रेक्षकांना सांगून मोकळा होतो. जर्मनीत र्युसेल्सहाइमच्या मोटारींच्या कारखान्यात दिवसभर गिअरबॉक्सशी झटापट करून आलेला माणूस, हसतोय तर हसू दे बापडा, असं त्याची बायको सुरुची आधी म्हणायची. पण तीन वर्षांत मालिका चारदा पाहून झाली, तरी स्वारीचं तोंड काही तिच्याकडे वळेना.

साताऱ्यात सुरुची दातांची डॉक्टर होती, तिच्या नावाची पाटी होती. इथे डिग्रीच्या मान्यतेचे कागद दोनदा परत आले, आणि तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. मार्चमध्ये एकदा कपडे वाळत घालताना तिने धीर करून म्हटलं, "सत्यजित, मला परत जायचंय. तू येणार आहेस का, एवढंच सांग."

"एवढा एपिसोड संपू दे," तो म्हणाला.

तो संपला आणि आपोआप पुढचा सुरू झाला. पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही. 'नाही' म्हणाला तर? त्यापेक्षा न मिळालेलं उत्तर बरं, असं म्हणत तिने सप्टेंबर गाठला.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सत्यजितने त्याच धर्तीवर प्रहसन बसवलं. स्वतःची भूमिका स्वतःच करायची. बायकोच्या कामाला जवळच्या एश्बॉर्नला आयटीत असलेली उल्का.

"मला का नाही घेतलंस?" सुरुचीने विचारलं.

"तू नॅचरल नाही वाटणार गं," तो म्हणाला, आणि तिचा कोपरावर रफू केलेला निळा स्वेटर उल्कासाठी पिशवीत टाकून निघाला.

शनिवारी दुपारी हॉल खच्चून भरला होता. रंगमंचावर सोफा, टीव्ही, कपड्यांचा स्टँड. निळ्या स्वेटरमधली उल्का म्हणाली, "सत्यजित, मला परत जायचंय. तू येणार आहेस का, एवढंच सांग."

सुरुची खुर्चीत पुढे सरकली. म्हणजे त्याने ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकला होता!

रंगमंचावरच्या सत्यजितने रिमोट ठेवला. उठून उल्काचा हात हातात घेतला. "येणार," तो म्हणाला, "तू नाहीस तिथे मी काय करू?"

सुरुचीला रडू आवरेना. सहा महिने उराशी धरलेली भीती फुकटच होती, असं तिला वाटलं आणि त्या क्षणी तिने त्याला सगळं माफ केलं.

तेवढ्यात तो प्रेक्षकांकडे वळला. "घरी मी असलं काही बोललो नाही हं! घरी म्हणालो, एवढा एपिसोड संपू दे."

हॉल हास्याने दणाणला. शेजारच्या मालिनीकाकूंनी सुरुचीच्या मांडीवर थाप मारली. "अगदी आमच्या ह्यांच्यासारखं गं!" सुरुचीही हसली. न हसून सांगणार कुणाला?

संध्याकाळी घरी आल्यावर सत्यजित खुशीत सोफ्यावर पडला होता. चहा टाकता टाकता तिने ठरवलं, आता विचारायचंच. शब्द माहीत आहेत, उत्तरही त्याला येतं. ती सोफ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सत्यजित, मला परत जायचंय."

पुढचं बोलवेना.

सत्यजित ताडकन उठून बसला. त्याचे डोळे चमकत होते. कितीतरी महिन्यांनी तो तिच्याकडे पाहत होता.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" तो म्हणाला. "अस्साच पॉज हवा होता. उल्का तिथेच घाई करते."

तिने त्याचा चहा समोर ठेवला. मग स्वेटर पिशवीतून काढला आणि धुवायला टाकला, कारण त्याला उल्काच्या सेंटचा वास येत होता.