शून्य म्हणजे निर्दोष

"शून्याचा अर्थ आधी बदला, मग सही करतो," हिलाल बोरसे म्हणाला.

जळगावच्या रक्तपेढीतल्या बैठकीच्या खोलीत तिघे होते. व्यवस्थापक श्रेयांस ओसवाल, धुळ्याच्या प्रयोगशाळेचा इंजिनिअर जितेंद्र आणि बावन्न वर्षांचा हिलाल. बी.कॉम. करून डेटा एंट्रीला लागलेला हिलाल पुढे पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकला होता. पेढीचा प्रोग्राम एकवीस वर्षं त्याच्या हातचा होता आणि त्यात दुसऱ्या कुणी बोट घातलेलं त्याला खपत नसे.

रक्त जळगावला गोळा व्हायचं, नमुने रोगजंतूंसाठी धुळ्याला तपासले जायचे. निकाल आजवर कागदावर येत. आता इथला प्रोग्राम तिथल्या प्रोग्रामलाच विचारणार होता, अमुक नंबरच्या पिशवीचा निकाल काय? प्रश्न कोणता, सोबत काय द्यायचं, उत्तर कोणत्या रूपात येणार, हे आधी एका फाइलीत ठरवून लिहावं लागतं. ती इंटरफेसची फाइल जितेंद्रने आणली होती. शून्य म्हणजे निर्दोष, एक म्हणजे दोष.

"उत्तराची जागा रिकामी आली, तर माझा प्रोग्राम तिथे शून्यच वाचणार," हिलाल म्हणाला. "म्हणजे न तपासलेली पिशवीही निर्दोष. शून्य 'माहीत नाही'साठी ठेवा. निर्दोषला एक द्या, दोषाला दोन."

"आमच्याकडून रिकामं येणारच नाही. चार गावांत हीच फाइल चालू आहे. तुमच्या एकट्यासाठी सगळं बदलू?"

हिलालने लॅपटॉप जवळ ओढला आणि एका पिशवीचा नंबर टाकला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, निर्दोष.

"ही सकाळीच गोळा झाली. हिचा नमुना अजून आपल्या दाराबाहेर गेलेला नाही."

जितेंद्रचे कान लाल झाले. "चाचणीत असंच दिसतं."

"तुला कळत नाहीये, की समजून घ्यायचं नाहीये?"

"मला शिकवू नका. मी इंजिनिअरिंग केलंय, डेटा एंट्रीतून आलो नाही."

"पुरे," श्रेयांस म्हणाला. "सोमवारी सुरू करायचं. बोरसे, तुमची सही नसली तरी चालेल."

आजवर तो बोरसेभाऊ म्हणायचा.

रविवारी हिलालने आपल्या बाजूला तीन ओळी घातल्या. उत्तर शून्य आलं, तर पिशवी सोडायची नाही. चांगल्या पिशव्याही अडणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने कुणालाच सांगितलं नाही.

सोमवारी अकरापर्यंत अडतीस पिशव्या अडकल्या. दवाखान्यांचे फोन थांबेनात. खिडकीशी एका माणसाने काचेवर हात आपटला. "मन्ही बहीण तठे ऑपरेशनना टेबलवर शे, आन तुम्ही कॉम्प्युटर देखी राहिनात?"

हिलालने त्याच्याकडे पाहिलं नाही. धुळ्याला फोन लावला. तिथली तंत्रज्ञ ऋतिका रजिस्टर घेऊन बसली. पहिला नंबर त्याने त्या बहिणीच्या पिशवीचा सांगितला.

"तपासेल शे, भाऊ. निर्दोष."

त्याने हाताने चिठ्ठी लिहून पिशवी सोडली. मग बाकीचे नंबर एकेक वाचत गेला. सगळे संपायला दीड तास लागला.

"भाऊ, या दोन तपासेल नहीत," शेवटी ऋतिका म्हणाली. "शुक्रवारी मशीन बंद व्हतं."

"पक्कं?"

"रजिस्टर मन्हा हातमा शे."

तेवढ्यात श्रेयांस खाली आला. "कुणाला विचारून केलंत हे?"

"बैठकीत सांगितलं होतं."

"आणि मी नाही म्हटलं होतं."

हिलालने दोन नंबरांचा कागद पुढे केला. "या आज कुणाला तरी चढल्या असत्या."

श्रेयांसने तो दोनदा वाचला. घडी करून खिशात ठेवला. "आणि त्या माणसाची बहीण वाट पाहता पाहता गेली असती तर?"

सकाळपासून हिलालही तेच मनात घोळवत होता.

संध्याकाळी त्याचा पासवर्ड बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून त्याला एरंडोलच्या शिबिरात रक्तदात्यांची नावं लिहायला पाठवलं.

बारा दिवसांनी तो जळगाव स्टेशनवर पुढच्या शिबिरासाठी अमळनेरच्या गाडीची वाट पाहत उभा असताना जितेंद्रचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"फाइल बदलली. शून्य म्हणजे माहीत नाही. निर्दोष एक, दोष दोन."

"बरं."

"बरं काय? बाकीच्या गावांतले जुने प्रोग्राम एकचा अर्थ अजून दोषच घेतात. सकाळपासून चांगल्या पिशव्या बाजूला पडताहेत. आकडे तुम्हीच सांगितले होते."

"हो. ते मी चुकीचं सांगितलं. एकदा वापरलेल्या आकड्याचा अर्थ बदलायचा नसतो."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला.

"जुनी फाइल होती तशी परत ठेव," हिलाल म्हणाला. "गावं नव्यावर येईपर्यंत निकाल फोनवर रजिस्टरमधून घ्यायला सांग. नवा प्रश्न नव्या नावाने लिही, त्याची उत्तरंही नवी. सगळे आले की जुना बंद कर."

"सावकाश सांगा. लिहून घेतोय."

गाडी फलाटाला लागली. लोक दारांकडे धावले. हिलाल बाकावर बसला, एका कानावर तळहात दाबला आणि पहिल्या ओळीपासून सांगू लागला. गाडी हलली तेव्हा तो तिसऱ्या ओळीवर होता.